उरलं तर आश्रमात देऊ

यंदा वर्षभर एकच वाक्य कानाशी घोंघावत राहिलं. लग्नाच्या याद्या करताना, बारशाच्या बेतात, तेरवीच्या तयारीत, गणपतीच्या महाप्रसादाच्या बैठकीत, कुठंही स्वयंपाकाचा अंदाज निघाला की कुणीतरी म्हणतंच, "जास्तीचंच करा, उरलं तर आश्रमात देऊन टाकू." त्यावर सगळे मान डोलावतात. अंदाज पाचशेचा असतो, आचाऱ्याला सातशेचं सांगितलं जातं. वरच्या दोनशे ताटांचं काय करायचं हा प्रश्न स्वयंपाक व्हायच्या आधीच मिटलेला असतो, आणि मिटलेला असतो म्हणूनच ती दोनशे ताटं रांधली जातात. मला या वाक्याचा राग येतो. तो का येतो, हे अंकाच्या पहिल्या पानावरच सांगायचं मी ठरवलं आहे.

वर्षात सांगण्यासारखं पुष्कळ घडलं. एप्रिलमध्ये अमरावतीजवळच्या बेलोऱ्याच्या धावपट्टीवरून मुंबईचं विमान उडालं. मे महिन्यात अमरावतीचे भूषण गवई देशाचे सरन्यायाधीश झाले आणि सगळ्या जिल्ह्याची मान उंचावली. मग सप्टेंबरचा पाऊस आला आणि कापणीला आलेलं सोयाबीन शेतातच सडलं. त्यावरचे लेख पुढच्या पानांत आहेत, ते अवश्य वाचा. पण ज्या जिल्ह्यांत शेतकऱ्याच्या हाती दाणा लागला नाही, त्याच जिल्ह्यांत लग्नाच्या लॉनच्या मागच्या भिंतीशी भाताचे आणि पुऱ्यांचे ढीग पडतात, हे मला वेगळं काढून बघता येत नाही.

पत्रावळीवरची शितं आपल्याला परकी नाहीत. २३ फेब्रुवारी १८७८ या दिवशी शेगावात देविदास पातूरकरांच्या घरी समारंभाची जेवणं उरकली होती आणि उष्ट्या पत्रावळी बाहेर टाकलेल्या होत्या. त्यांतली शितं वेचून खाणाऱ्या एका तरुणाकडे बंकटलाल अग्रवाल आणि दामोदरपंत कुळकर्णी यांचं लक्ष गेलं. दासगणूंच्या ग्रंथामुळे गजानन महाराजांच्या प्रकटण्याचा हा प्रसंग वऱ्हाडातल्या लहान पोरांनाही पाठ आहे. त्याचा पुढचा भाग मात्र आपण भरभर वाचून टाकतो. बंकटलालांनी सांगितलं, तेव्हा पातूरकरांनी घरातून भरलेलं ताट आणून त्या तरुणापुढे ठेवलं. समोरचा माणूस शितं वेचतो आहे म्हणून त्याच्यापुढे आणखी चार पत्रावळी सरकवाव्यात, असं त्या घराला वाटलं नाही. आज प्रकटदिनाला अकोल्यात आणि अमरावतीत चौकाचौकांत महाप्रसाद होतो, श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराकडे निघालेल्या कावडींच्या वाटेवर जागोजागी फराळाचे मंडप लागतात. देणाऱ्या हातांची या भागात कधीच वाण नव्हती. माझं भांडण देण्याशी नाही, ते देण्याच्या वेळेशी आणि रीतीशी आहे.

ती रीत कशी असते ते पाहा. वरात उशिरा येते, गोरज मुहूर्ताचं लग्न नऊला लागतं, जेवणं साडेदहापर्यंत चालतात. नवरीची पाठवणी झाली की मागे उरलेल्या गंजांकडे कुणाचं तरी लक्ष जातं आणि साडेअकराला एखाद्या बालगृहात नाहीतर वृद्धाश्रमात फोन खणखणतो. तिथली जेवणं सात-साडेसातलाच झालेली असतात, मुलं झोपलेली असतात. "गाडी पाठवा, भरपूर अन्न आहे," असा निरोप असतो. संस्थेनं नाही म्हटलं तर ती माजोरी ठरते. हो म्हटलं तर ड्रायव्हरला उठवावं लागतं, भांडी जमवावी लागतात आणि दुपारी तीनला शिजलेला भात रात्री एकला दारात येतो. सकाळी त्याचं काय करायचं, हे स्वयंपाकघरातल्या एकट्या बाईनं ठरवायचं. टाकून द्यावं तर अन्नाचा अपमान, वाढावं तर पोरांच्या पोटाची भीती. आपल्या घरच्या कार्यातली सगळ्यांत अवघड जबाबदारी आपण अशी रात्री साडेअकराला, ज्यांच्याकडे सगळ्यांत कमी साधनं आहेत त्यांच्या गळ्यात टाकतो आणि दान केल्याच्या समाधानात घरी जातो.

पोटाची भीती खोटी नाही. शिजलेलं अन्न साठ अंशांच्या वर गरम ठेवलं किंवा पाच अंशांच्या खाली थंड ठेवलं तरच टिकतं. मधल्या तापमानात जंतू झपाट्यानं वाढतात. भातात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू असतो. भात तासन्‌तास नुसता पडून राहिला की तो जे विष सोडतो त्यातलं एक पुन्हा गरम केल्यानंही जात नाही. पनीरची भाजी, बासुंदी, मठ्ठा यांचं तर विचारूच नका. आणि आपली लग्नसराई कधी असते? एप्रिल-मे महिन्यांत, अकोल्याचा पारा ४५च्या वर गेलेला असताना. पुण्या-नाशिकच्या हवेत जे थोडा वेळ तग धरेल, ते आपल्याकडे मंडपातच आंबतं. म्हणून हा विचार आपल्याला इतरांपेक्षा आधी आणि जास्त काटेकोरपणे करायला हवा होता.

कायद्याच्या अंगानं देशानं तो केला आहे. उरलेलं अन्न गोळा करून वाटण्यासंबंधीचे केंद्रीय नियम २०१९ साली निघाले आणि १ जुलै २०२० पासून लागू झाले. अन्न वाटणाऱ्या संस्थेनं नोंदणी करावी, अन्न कुठून आलं, काय आहे, कधी शिजलं याची नोंद ठेवावी, खाण्याजोगं तेवढंच द्यावं, असं त्यांत आहे. आपल्या किती कार्यालयांच्या भिंतीवर हे लिहिलेलं दिसतं? मला तरी कुठं दिसलेलं नाही.

आता जी गोष्ट मला सगळ्यांत जास्त बोचते तिच्याकडे येतो. महाराष्ट्रात उरलेल्या अन्नाला जातीचा इतिहास आहे. पंगती उठल्यावर गावकुसाबाहेरच्या माणसांनी टोपल्या घेऊन लांब उभं राहायचं आणि उरलंसुरलं त्यांत पडायचं, हा शेकडो वर्षांचा शिरस्ता होता. त्याला दान म्हणत, हक्कही म्हणत. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी आपल्या माणसांना सांगितलं की हे शिळे तुकडे आणि मेलेल्या जनावराचं मांस सोडा. पाण्याचा हक्क आणि उष्ट्याला नकार या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच मांडवात मांडल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते अमरावतीत होते, अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न पेटला होता आणि वऱ्हाडातल्या अस्पृश्यांच्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. म्हणजे उरलेलं कुणी, कुणाला, कसं द्यायचं हा प्रश्न आपल्या गावात शंभर वर्षांपूर्वीच येऊन गेला आहे. ज्या आज्या-पणज्यांनी त्या टोपल्या फेकून दिल्या, त्यांच्या नातवंडांच्या वस्तीत आज आपण रात्री बारा वाजता टेम्पो उभा करतो, उरलेली आलू-वांग्याची भाजी पिशव्यांत बांधून वाटतो आणि मोबाइलवर त्याचे फोटो काढतो. तो टेम्पो काही लोक परत पाठवतात. ते बरोबर करतात. घेणाऱ्याला नाही म्हणण्याची मोकळीक नसेल, तर त्या देण्याला दान म्हणू नये.

कुष्ठरोग्यांसाठी अमरावतीत तपोवन उभं करणाऱ्या डॉ. शिवाजीराव पटवर्धनांना हे पुरतं कळलं होतं. १९४६ साली सुरू झालेल्या त्या वसाहतीत त्यांनी रोग्याला कामाची हत्यारं दिली, सुतारकी दिली, शेती दिली. समाजानं हाकलून लावलेल्या माणसाला त्यांना भीक मागू द्यायची नव्हती.

आणि गाडगेबाबा. शेणगावात जन्मलेले, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात मामाच्या घरी राबलेले, २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ पेढीच्या काठी देह ठेवणारे, अमरावतीत समाधी असलेले आपले गाडगेबाबा. त्यांच्या दशसूत्रीचा फलक सरकारी कचेऱ्यांपासून शाळांपर्यंत लागलेला असतो आणि त्यातली पहिली ओळ भुकेल्याच्या अन्नाची आहे. ती ओळ आपण उरलेल्या अन्नाला चिकटवून मोकळे होतो. बाबांनी काय केलं ते मात्र पाहत नाही. पूर्णेकाठच्या ऋणमोचनच्या यात्रेत आंधळ्या-पांगळ्यांसाठी, महारोग्यांसाठी त्यांनी अन्नदान चालवलं. तिथलं अन्न त्यांच्याचसाठी रांधलेलं असे, त्यांची पंगत बसे, त्यांना आग्रहानं वाढलं जाई. बाबा स्वतः त्या पंगतीत बसत नसत. गावात झाडू मारून झाला की कुणाच्या तरी दारी मागितलेली शिळी भाकर गाडग्यात घेऊन ते खात. शिळं स्वतःला आणि ताजं पांगळ्याला, असा त्यांचा हिशेब होता. आपण तो नेमका उलटा केला आहे. ज्यांनी आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं, त्या आपल्या पिढीनं हे तरी शिकून घ्यायला हवं होतं.

बाहेर लोक शिकले आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या बायजीपुऱ्यात २०१५ च्या डिसेंबरात युसुफ मुकाती यांनी रोटी बँक काढली. तिथं सभासद घरून दोन ताज्या पोळ्या आणि भाजी आणून देतात, घरची माणसं जेवायला बसायच्या आधी बाजूला काढलेली. मुंबईत डबेवाल्यांनी त्याच सुमारास आपली रोटी बँक सुरू केली, आणि लग्नघरातलं अन्न वेळेत उचलायचं तर मिनिटांचा हिशेब ज्यांच्या हाडीमाशी भिनला आहे अशी माणसंच लागतात, हे दाखवून दिलं. माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनीही २०१७ मध्ये मुंबईत हेच काम हाती घेतलं. फ्रान्सनं २०१६ साली कायदाच केला, की ठरावीक आकाराच्या वरच्या दुकानांनी न विकलेलं खाण्याजोगं अन्न नासवायचं नाही, संस्थांशी करार करून त्यांना द्यायचं. तिथला करार आधी होतो, अन्न नंतर उरतं. आपल्याकडे अन्न उरल्यावर संस्थेचा नंबर शोधतात.

कुणी म्हणतं, शहरात नको असेल तर मेळघाटात पाठवा. ही सूचना मी यंदा फार वेळा ऐकली आणि दर वेळी अंगावर काटा आला. १९९३ साली तिथले बालमृत्यू देशासमोर आले, तेव्हापासून डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांच्यासारखी माणसं बैरागडला आयुष्य घालून सांगत आहेत की कुपोषणाचं मूळ हाताला काम नसण्यात, रिकाम्या घरात आणि दवाखान्याच्या अंतरात आहे. धारणीच्या बाळाला रोजचं वरण हवं, अंडं हवं, आईला पोटभर जेवण हवं. आपल्या बुफेतली उरलेली जिलबी घाट चढून तिथं नेण्यानं त्यातलं काहीही होत नाही.

लॉनवर इतकं बोललो म्हणून घर सुटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं साठ टक्के घरांतून गेलं. त्याच अहवालात भारतातल्या घरांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो आहे. फ्रिज आल्यापासून आपण टाकायचं अन्न चार दिवस उशिरा टाकू लागलो, एवढाच फरक पडला.

या अंकाची मध्यवर्ती कल्पना ‘शेजार’ आहे. लेखकांनी वाड्यांबद्दल, चाळींबद्दल, बांधाला बांध लागून असलेल्या शेतांबद्दल लिहिलं आहे. मला त्यात एवढीच भर घालायची आहे की शहराच्या टोकाचं बालगृह, अमरावतीच्या इर्विन आणि अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयाच्या आवारात सतरंजी टाकून बसलेले रुग्णांचे नातेवाईक, वज्झरला शंकरबाबा पापळकरांनी आपलं नाव देऊन वाढवलेली मुलं, हाही आपला शेजार आहे. शेजाऱ्याकडे वाटी पाठवताना आपण उरलेलं पाठवत नाही. नवा पदार्थ झाला की पहिली वाटी शेजारी जाते, मग घरात ताटं वाढतात. आपल्या आयांनी हेच केलं. जेवणाआधी गाईचा घास काढायची रीतही याच घरांतली आहे.

अन्न उरणार नाही असं नाही. पाऊस पडेल, पाहुणे येणार नाहीत, अंदाज चुकेल. अशा वेळी झाकलेल्या गंजातलं, कुणाचा हात न लागलेलं अन्न दोन तासांच्या आत पोचतं करता येत असेल तर जरूर करावं, काय आहे आणि कधी शिजलं हे लिहून द्यावं, आपल्या गाडीनं न्यावं, आपल्या माणसांनी भांडी घासून परत आणावी. काउंटरवर उघडं पडलेलं आणि ताटातलं मात्र माणसाला देऊ नये. त्याचं खत होतं.

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे तारखा निघतील. ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्या वाचकांना माझी विनंती आहे. कार्यालय ठरवाल त्याच आठवड्यात जवळच्या एका संस्थेत जा आणि तिथं विचारा, तुम्ही किती जण, किती वाजता जेवता, काय चालतं, काय नको. तेवढी ताटं आचाऱ्याच्या यादीत पाहुण्यांबरोबर धरा. कार्याच्या दिवशी ते डबे पहिल्या पंगतीच्या आधी रवाना करा आणि फोटो काढू नका. वरची दोनशे ताटं सांगूच नका. त्यांचे जे पैसे वाचतील त्यांची तूरडाळ घेऊन संस्थेच्या कोठीत पोचती करा. ती वर्षभर टिकते आणि अकोल्याच्या दालमिलमध्ये ठोक भावानं मिळते.