कर शहराचा, पाणी विहिरीचें

सून घरांत आणली कीं तिच्या हातीं चूल देतात, पण तिचें ताटही मांडतात. पुणें महानगरपालिकेच्या घरांत सरकारनें जीं गांवें आणून बसविलीं, त्यांच्या हातीं चूल आली; ताटाचें नांव मात्र कोणी काढीत नाहीं.

१९९७ सालीं ३८ गांवें शहराच्या हद्दींत ओढलीं. पुढें ओरड झाली तेव्हां त्यांतलीं कांहीं सोडून दिलीं. २०१७ च्या ऑक्टोबरांत ११ गांवें घेतलीं, आणि ३० जून २०२१ रोजीं आणखी २३. तेव्हां पालिका क्षेत्रफळानें मुंबईहूनही मोठी झाली म्हणून मोठें कौतुक झालें. घर वाढलें, रांजण तेवढाच राहिला!

हें सारें कायद्यानें झालें, हेंच ध्यानांत घेण्यासारखें आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ सालचा. त्याच्या तिसऱ्या कलमानें सरकारास शहराची हद्द राजपत्रांतील एका अधिसूचनेनें वाढवितां येते. गांवकऱ्यांच्या हरकती मागवितात, पण मत घेत नाहींत. अधिसूचना निघाली कीं ग्रामपंचायत गेली. मग कलम १२९-अ पुढें येतें. पहिल्या वर्षीं घरपट्टी ग्रामपंचायतीच्या दरानें, पुढें दरसाल वीस टक्क्यांची पायरी चढत चढत ती शहराच्या दराला भिडावयाची, अशी त्याची योजना. ज्या पत्र्याच्या पडवींत लोहाराचा भाता किंवा सुताराचा रंधा चालतो, तिला ग्रामपंचायत घराचाच एक भाग समजत असे. पालिकेच्या वहींत ती बिगरनिवासी मिळकत ठरते आणि तिचा दर आणखी चढा.

आतां पाण्याकडे वळूं. कलम ६३ म्हणतें कीं पाणीपुरवठा व सांडपाण्याची व्यवस्था हीं पालिकेचीं बंधनकारक कर्तव्यें आहेत. उत्तम. पण केव्हांपर्यंत? तेथें कायदा मुका आहे. कराच्या पायऱ्या वर्षांनीं मोजल्या आहेत, नळाच्या पायऱ्या कोणीच मोजल्या नाहींत. ही चूक अजाणतां झाली असेल असें म्हणावें, तर त्याच कायद्यांत पाण्याच्या कराविषयीं वेगळा विचार आहे. ज्या घरास नळ दिला, किंवा ज्या भागांत पाण्याची सोय केल्याची जाहीर सूचना आयुक्तानें काढली, तेथेंच तो कर बसवावा असें लिहिलें आहे. म्हणजे आधीं माल, मग दाम हा बाजारांतला साधा न्याय कायदा करणारांस ठाऊक होता. तो एका करास लावला आणि मोठा जो सर्वसाधारण कर, त्यास लावावयाचें राहिलें.

याचें फळ काय झालें तें सिंहगड रस्त्यावर जाऊन पाहावें. २०२५ च्या जानेवारींत किरकटवाडी, नांदेड (मराठवाड्यांतलें नव्हे, हवेलीचें), धायरी, खडकवासला या बाजूस माणसांचे हातपाय लुळे पडूं लागले. डॉक्टरांनीं रोगाचें नांव जीबीएस असें सांगितलें. पुणें व आसपासच्या भागांत रुग्णांची संख्या दोनशेंच्या वर गेली, कांहीं दगावले. कित्येकांच्या तपासणींत दूषित अन्नपाण्यांतून पसरणारा जंतू सांपडला. नांदेडच्या मोठ्या विहिरीचें पाणी आसपासच्या वस्तींत जात होतें. त्यावर शुद्धीकरण केंद्र नव्हतें, जंतुनाशक घालून तें सोडीत असत. रोग नेमका कशानें आला याचा वाद तज्ज्ञांनीं करावा. आमचें म्हणणें इतकेंच कीं, खडकवासल्याचें धरण ज्या गांवाच्या उशाशीं आहे, त्यास गाळलेलें पाणी मिळूं नये आणि दहा कोसांवरच्या सोसायटींत तें मिळावें, हा कोणता हिशेब? याच धरणाच्या कामास दगडचुना पुरविण्याचा ठेका जोतीराव फुल्यांनीं घेतला होता, आणि १८७६ पासून कांहीं वर्षें ते पुणें नगरपालिकेचे सभासद होते. घरचा हौद १८६८ सालीं अस्पृश्यांस खुला करणारा माणूस तेव्हां सभेंत बसत होता. २०२१ सालीं आलेल्या २३ गांवांचें तर कोणीच बसत नव्हतें. ग्रामपंचायत गेलेली, मार्च २०२२ मध्यें पालिकेची मुदत संपली, आणि २०२५ साल सरेपर्यंत निवडणूक झाली नाहीं. कर द्यावा प्रशासकास, गाऱ्हाणें सांगावें भिंतीस.

वर आणखी एक घोळ. २०२१ मध्यें सरकारनें त्या २३ गांवांचें नियोजन पीएमआरडीएकडे दिलें. इमारतीची परवानगी एकाची, पाण्याची जबाबदारी दुसऱ्याची. पालिकेचें पाणी येईपर्यंत आम्ही पाणी पुरवूं, अशीं हमीपत्रें बिल्डरांनीं लिहून दिलीं. टँकरवाल्यांचें भलें झालें!

फुरसुंगी व उरुळी देवाचीच्या लोकांनीं वर्षानुवर्षें शहराचा कचरा उशाला घेतला, विहिरी नासवून घेतल्या. २०१७ सालीं ते शहरांत गेले, करानें पोळले, आणि शेवटीं २०२४ मध्यें त्यांची वेगळी नगरपरिषद होऊन सुटले. त्याच वर्षीं लोकसभेची निवडणूक तोंडावर असतां सरकारनें समाविष्ट गांवांच्या करवसुलीस स्थगिती दिली. स्थगिती ही दया झाली, हक्क नव्हे. दिली तशी ती उठवितांही येते.

अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना राज्यानें २०११ सालीं याच दुखण्यावर कायदा केला. लोकांच्या मर्जीविरुद्ध एखादा भाग शहरांत घेतला आणि तेथील बहुसंख्य मालकांनीं मागणी केली, तर साडेतीन वर्षांत पाणी व मलवाहिनी घरमालकास खर्च न लावतां पोंचवावी, असें त्यांत घातलें. पुढल्याच वर्षीं त्या भागांतील मतदारांचा कौल घेणेंही सक्तीचें केलें. तेथील लोक कांहीं देवाचे लाडके नव्हेत. ते ओरडले, इतकेंच.

आमच्या विधानसभेनें कलम १२९-अ मध्यें एक ओळ घालावी: ज्या वस्तींत शुद्ध पाण्याचा नळ व मलवाहिनी पोंचली नाहीं, तेथें कराची पुढची पायरी चढूं नये. पालिका म्हणेल, पैसा नाहीं तर नळ कोठून घालूं? प्रश्न खोटा नाहीं. पण मग सरकारनें अधिसूचनेबरोबरच त्या नळाचा पैसाही द्यावा, नाहीं तर गांव घेऊं नये.

शहरांच्या वेशीवरच्या शेतकरी बंधूंनो, तुमच्या गांवाची पाळी येईल तेव्हां हरकतीची मुदत चुकवूं नका. ग्रामसभेचा ठराव करा. अर्जास गांवांतील विहिरी, आड, टाक्या, गटारें यांची यादी जोडा, नळ कोणत्या सालीं येणार हें लेखी विचारा, आणि अर्जाची पोंच घेतल्याखेरीज कचेरीबाहेर पडूं नका.