डेन्मार्क: ग्रंथाला कवच, निकाबला दंड

डेन्मार्कच्या संसदेने ७ डिसेंबर २०२३ रोजी ९४ विरुद्ध ७७ मतांनी एक कायदा संमत केला. मान्यताप्राप्त धर्मसमुदायांच्या पवित्र ग्रंथांची जाहीर विटंबना त्यान्वये गुन्हा ठरली असून, कमाल शिक्षा दोन वर्षांच्या कारावासाची आहे. याच संसदेने २०१७ मध्ये धर्मनिंदेचे कलम मोडीत काढले होते, हे येथे ध्यानात घ्यावे लागेल.

ते कलम तसे निद्रिस्तच होते. त्याखालील अखेरची शिक्षा १९४६ मधील. 'युलांड्स-पोस्टेन'ने २००५ मध्ये प्रेषित महंमदांची व्यंगचित्रे छापली आणि पुढच्या फेब्रुवारीत दमास्कस व बैरुतमध्ये डॅनिश दूतकचेऱ्या पेटल्या. तरीही सरकारी वकिलांनी खटला भरला नाही.

कलम गेल्यानंतर वर्षभरातच, ३१ मे २०१८ रोजी, सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकणाऱ्या पोशाखावर बंदी आली. पहिला दंड एक हजार क्रोनर, चौथ्या वेळी दहा हजार. कायद्याच्या मजकुरात 'बुरखा' वा 'निकाब' हा शब्द नाही. पण थंडीतला मफलर, हेल्मेट यांना रास्त प्रयोजनाची सवलत मिळाल्यावर उरते कोण, हे सांगण्याची गरज नाही. व्यंगचित्रकाराची अभिव्यक्ती अबाधित राहिली. श्रद्धेपोटी निकाब घालणाऱ्या स्त्रीची मात्र दंडपात्र झाली. सक्तीने घालणाऱ्या स्त्रीला या दंडाने काय साधणार, हाही प्रश्नच.

२०२३ मधील माघारीमागे श्रद्धेविषयीचा आदर होता, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. त्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये मुस्लिम देशांच्या दूतावासांसमोर कुराण जाळण्याचे प्रकार वारंवार घडले. सरकारने कारण दिले ते दहशतवादाच्या वाढत्या धोक्याचे आणि परराष्ट्र संबंधांचे. मूळ मसुद्यात धार्मिक महत्त्वाच्या सर्वच वस्तू होत्या. टीकेनंतर तो ग्रंथांपुरता आकसला आणि कलाकृतींना मर्यादित सूटही मिळाली.

भारतीय दंडविधानातील १९२७ चे कलम २९५अ (आता भारतीय न्याय संहितेचे कलम २९९) याहून वेगळे आहे. तेथे जाणीवपूर्वक व दुष्ट हेतू सिद्ध व्हावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात याच अटीच्या आधारे ते वैध ठरविले. डॅनिश कायदा भावना मोजत बसत नाही. ग्रंथाचे काय केले, एवढेच पाहतो. व्यंगचित्रे व शाब्दिक टीका त्याच्या कक्षेबाहेर आहेत.

पोशाखाबाबत मात्र दिशा बदललेली नाही. चेहरा झाकण्यावरील बंदी शाळा व विद्यापीठांपर्यंत नेण्याचा मनोदय पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांनी जून २०२५ मध्ये जाहीर केला.