टॉर्चचा उजेड बाईवरच का?

मैत्रिणींनो, आपल्या जळगाव-धुळ्याकडे पोटातलं मूल टिकलं नाही की बाई पांढऱ्या पायाची ठरायची. आता ती ‘टॉर्च पॉझिटिव्ह’ ठरते. आरोप नवा झाला, आरोपी तीच राहिली.

दोनदा गर्भ पडला की अनेक खासगी दवाखान्यांत ‘टॉर्च’ची चिठ्ठी हातात पडते. केळीच्या बागेत नाहीतर कपाशी वेचून मिळवलेली कित्येक दिवसांची मजुरी त्या एका तपासणीत जाते. रिपोर्ट येतो: सायटोमेगॅलो विषाणू, आयजीजी पॉझिटिव्ह. घरी पोचतं ते एवढंच, ‘हिच्या रक्तातच दोष आहे.’ असे कागद घेऊन बायका आमच्या गटाकडे येतात. त्या कागदाच्या जोरावर माहेरी धाडलेल्या, फारकतीची धमकी ऐकलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

म्हणून तो कागद आपणच वाचायला शिकलं पाहिजे. विषाणू शिरला की शरीर त्याच्याशी लढायला प्रतिपिंडं तयार करतं. आयजीजी ही जुन्या लढाईची खूण, ती बहुधा जन्मभर राहते. सायटोमेगॅलो विषाणू लाळेतून, लघवीतून, आईच्या दुधातून, शरीरसंबंधातून पसरतो. भारतात बहुतेकांना तो लहानपणीच गाठतो, फारसा त्रास देत नाही आणि मग आयुष्यभर शरीरात निपचित पडून राहतो. सासूचं, नवऱ्याचं, चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांचं रक्त काढलं तर तिथेही बहुधा हाच शेरा येईल. मग दोषी एकटी सूनच कशी?

रुबेलाचं तर आणखीच उलटं. रुबेलाचं आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे बाईला त्या रोगापासून संरक्षण आहे. ही चांगली बातमी. तीसुद्धा दोषाच्या खात्यात मांडली जाते!

‘टॉर्च’ हे नाव १९७१ साली अमेरिकेत आंद्रे नाहमियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आणलं, ते गर्भातल्या आणि नवजात बाळांच्या संसर्गासाठी. वारंवार होणाऱ्या गर्भपातासाठी ही सरसकट तपासणी बंद करावी, असं ब्रिटनमधल्या प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २००३ सालच्या मार्गदर्शिकेत सांगितलं. तरी आपल्याकडे चिठ्ठ्या फाटतच आहेत.

कुणी म्हणेल, या विषाणूचा बाळाला धोका नाही का? आहे. गर्भातच लागण झालेल्या काही बाळांना बहिरेपण येतं. पण आयजीजीचा कागद ते सांगूच शकत नाही. आपल्याकडे अशी बहुतेक बाळं आधीपासूनच आयजीजी पॉझिटिव्ह असलेल्या आयांच्या पोटी जन्मतात. शंका असेल तर जन्मानंतर तीन आठवड्यांच्या आत बाळाची लघवी किंवा लाळ तपासावी लागते. आयजीएम पॉझिटिव्ह आलं तरी घाबरू नका. ते कित्येक महिने टिकतं, कधी चुकीचंही निघतं. तेवढ्या एका कागदावर गर्भ पाडायला कुणी सांगत असेल तर ठाम नकार द्या.

पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी सुमारे निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच बिघाड असतो. त्यात कुणाचाच गुन्हा नसतो. वारंवार गर्भ पडत असेल तर थायरॉईड, साखर, गर्भाशयाची रचना, रक्तात गुठळ्या करणारा अँटीफॉस्फोलिपिड विकार हे तपासावं. यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. टॉर्चपायी पैसे संपले की नेमकं हेच राहून जातं.

तपासणीचं यंत्र बाईच्या जिवावर कसं उठतं, हे खान्देशाला नव्याने सांगायला नको. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८४२. सोनोग्राफीवाल्यांना आपण जाब विचारला, तसाच इथेही विचारायला हवा.

प्रत्येक गटाने तीन कामं हाती घ्यावीत. बाईबरोबर दवाखान्यात जा आणि विचारा: या तपासणीने उपचारात काय फरक पडणार? रिपोर्टचा अर्थ नवऱ्यासमोर, सासूसमोर, मराठीत सांगा, असा आग्रह धरा. आणि सरकारी रुग्णालयांकडे मागणी करा की गर्भ पडलेल्या बाईला उपयोगाच्या तपासण्या आणि समुपदेशन मोफत मिळालंच पाहिजे. रक्तातल्या जुन्या खुणेपायी एकाही बाईचं नांदणं मोडू देऊ नका.