अपराधी कोण?

परळच्या एका गल्लीत आमच्या शाळेतील मुलांनी एका पावसाळ्यात शिरीषाची पाच रोपे लावली. दोन वर्षांत ती मुलांच्या डोक्याला लागली. एके दिवशी सकाळी पाहतो तो काय, एका रोपाची साल बुंध्याभोवती वीतभर, चहूबाजूंनी सोललेली! शेजारीच एक शेळी निवांत रवंथ करीत बसली होती. मुले संतापली. शेळीला हाकलण्यासाठी कोणी काठीही उचलली. मात्र पाने हिरवीगार होती. म्हणून झाड जगेल, अशी मुलांना आशा वाटली. ती आशा फोल ठरली.

असे का व्हावे? साल म्हणजे झाडाचा नुसता अंगरखा नव्हे. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जाते. मुळांनी शोषलेले पाणी लाकडातून वर चढते. म्हणून साल सभोवार निघाली, तरी पाने काही काळ टवटवीत दिसतात. परंतु मुळांची उपासमार होते आणि अखेर सारे झाड वाळते. एका बाजूची साल शाबूत असली, तर त्या वाटेने अन्न जात राहते, जखमेच्या कडांवर नवी साल धरते आणि झाड तगू शकते.

थंड देशांत गवत बर्फाखाली गेले, की हरणे व ससे कोवळ्या पाइनवृक्षांची साल कुरतडतात. तेथील लोक नुसते हरणांवर रागावून थांबत नाहीत. रोपांभोवती जाळी उभारतात. आमच्या रोपांसाठीही लोखंडी कुंपणे आणलेली होती. पण ती शाळेच्या माळ्यावर पडून होती. ती बसविण्याचे काम मीच आज-उद्यावर ढकलले होते. मग अपराधी कोण? शेळी, की मी?

शेळीला भूक होती. आपल्याला कोणती भूक असते? गिरगाव, दादर, लालबाग येथील रस्त्यांवरून डोळे उघडे ठेवून चाला. खोडांत ठोकलेले खिळे, आवळलेल्या तारा, सालीवर कोरलेली नावे तुम्हांला दिसतील. तार वाढत्या खोडात रुतते आणि शेळीच्या दातांचेच काम करते. महाराष्ट्रातील शहरांतल्या झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ साली झालेला कायदा झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हे झाड तोडण्यासारखेच मानतो. मला तो न्याय योग्य वाटतो.

म्हणून मुलांनो, रोप लावाल त्याच दिवशी त्याला कुंपण घाला. खोड जाड होऊ लागले, की ते कुंपण आठवणीने काढा. नाहीतर रक्षकच गळफास होईल. खोडावर तार दिसली, तर वडीलधाऱ्यांना सांगून ती सोडवून घ्या.

त्याच सायंकाळी आम्ही उरलेल्या चार रोपांना कुंपणे बसविली. पाचव्याची जागा मात्र रिकामी राहिली. त्या जागेवरून जाताना मला आजही शेळीचा राग येत नाही.