उत्तर आले, पण आज्ञावली वाचता येते का?

संगणकाच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थी आज्ञावली लिहितो, पडद्यावर उत्तर उमटते आणि आम्ही शिक्षक वहीवर सही करतो. उत्तर आले की काम संपले! माझ्या मते आपले येथेच चुकते, आणि हे मी स्वतःच्या चुकीवरून शिकलो.

लंबकाच्या प्रयोगासाठी मी पायथन भाषेत काही फंक्शन्स लिहून दोन वर्गांना दिली होती. मुले ती आपापल्या आज्ञावलीत वापरीत. इतरांनी आपली आज्ञावली रचावी म्हणून दिलेल्या अशा तयार साधनांच्या संचाला सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट किट म्हणतात. माझा संच अगदीच लहान होता. लंबकाची लांबी व दोलनकाल दिला की एक फंक्शन गुरुत्वीय त्वरण काढून देई. लांबी १, दोलनकाल २.००६ सेकंद, उत्तर ९.८१. एका मुलीने लांबी १०० लिहिली आणि तिला ९८१ मिळाले. ती गोंधळली. पण मित्रहो, तिचे उत्तर चूक नव्हतेच! लांबी सेंटिमीटरमध्ये दिली, तर त्वरणही सेंटिमीटरमध्येच येणार. चूक माझी होती. चलाला मी नुसते ‘एल’ हे नाव दिले होते, एकक कोठेच सांगितले नव्हते.

आम्ही ते हसण्यावारी नेले. पण नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ कायमचे हरवले, ते अशाच चुकीमुळे. पृथ्वीवरील एक आज्ञावली यानाला बसलेल्या धक्क्याचे माप पौंड-बल-सेकंदांत देत होती. पुढची आज्ञावली तेच आकडे न्यूटन-सेकंद म्हणून घेत होती. फरक सुमारे ४.४५ पट! दोन्ही आज्ञावल्या बिनतक्रार चालत होत्या.

मी घाईने ‘एल’ बदलून ‘लांबी_मीटर’ केले. (पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत नावे देवनागरीतही चालतात.) झाले, दुसऱ्या वर्गात ज्यांनी जुने नाव लिहून लांबी दिली होती, त्यांच्या आज्ञावल्या ऐन परीक्षेच्या दिवशी बंद पडल्या. जुने नाव काही महिने चालू ठेवून ‘आता नवे वापरा’ अशी सूचना दाखवायला हवी होती. शिवाय १ आणि २.००६ दिल्यावर ९.८१ च्या जवळचे उत्तर येते की नाही, हे प्रत्येक बदलानंतर तपासणारी चार ओळींची चाचणी मी लिहिलीच नव्हती.

पायथनमध्ये लिखाण कसे असावे याचे नियम २००१ पासून उपलब्ध आहेत. आज्ञावली लिहिण्यापेक्षा वाचलीच अधिक वेळा जाते, हा त्यामागचा विचार. आपल्या गुणपत्रिकेत मात्र त्याला जागा नाही. माझे सहकारी म्हणतात, अभ्यासक्रम संपता संपत नाही, त्यात हे कोठे बसवायचे? अडचण खरी आहे. तरी पुढील सत्रापासून २० पैकी ५ गुण मी राखून ठेवणार आहे. शेजारच्या विद्यार्थ्याने काहीही न विचारता आज्ञावली वाचून त्यात एक बदल करून दाखवला, तरच ते मिळतील. पहिल्या तासाला मुलांपुढे माझीच जुनी फंक्शन्स ठेवीन.