खिशातला हात

दिवाळी जवळ आली की आमच्या घरात दोन याद्या होतात. एक फराळाची आणि दुसरी पोस्त द्यायच्या माणसांची. पहिली यादी सौ. करते आणि ती दरवर्षी वाढत जाते. दुसरी मी करतो आणि ती, सौ.च्या म्हणण्याप्रमाणे, दरवर्षी आखडत जाते. पेपरवाला, दूधवाला, इमारतीचा रखवालदार, कचरा न्यायला येणाऱ्या बाई, इस्त्रीवाला अशी ती नेहमीची यादी. यंदा मात्र मी सगळ्यांच्या वर लिहिले, ‘सतरा नंबर’.

“अहो, हे सतरा नंबर कोण?” सौ.ने विचारले.

“गोल्फच्या मैदानावरचा कॅडी.”

“नाव काय त्याचे?”

मी गप्प बसलो. वाचकहो, या लेखाचे मूळ त्या गप्प बसण्यात आहे.

मराठीच्या प्राध्यापकाचा आणि गोल्फचा संबंध काय, असे तुम्हाला वाटेल. तसा काही नाही. पण आमचे मेव्हणे मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले आणि डॉक्टरांनी चालायला सांगितले म्हणून गोल्फ खेळू लागले. गेल्या माघातल्या एका रविवारी ते मला पुण्यातल्या आपल्या क्लबात घेऊन गेले. “तुम्ही खेळू नका, नुसते बरोबर चाला. हिरवळीवर तुम्हाला कविता सुचेल,” असे त्यांचे आमंत्रण होते. कविता सुचली नाही, पण चालणे भरपूर झाले. गोल्फच्या पुऱ्या डावात अठरा भोके असतात आणि त्यासाठी चारेक तास लागतात, हे मला तिथे गेल्यावर कळले. आम्ही नऊवर भागवले.

मेव्हण्यांची पिशवी खांद्यावर घेऊन एक गृहस्थ आमच्याबरोबर निघाले. वय माझ्याएवढेच असावे. अंगात निळे जाकीट आणि त्यावर १७ हा आकडा. पिशवीत नियमाप्रमाणे चौदापर्यंत काठ्या ठेवता येतात आणि मेव्हण्यांनी त्यातली एकही सवलत सोडलेली नव्हती. माझी समजूत होती की कॅडी म्हणजे हमाल. अर्ध्या तासात ती पुसली गेली. चेंडू कुठे पडला हे मारणाऱ्यापेक्षा त्याला आधी कळे. उखडलेली हिरवळ तो पुन्हा बसवून पायाने दाबी. एका ठिकाणी मेव्हण्यांनी सात नंबरची काठी मागितली, तेव्हा तो हळूच म्हणाला, “साहेब, वारा समोरून आहे. सहा घ्या.” साहेबांनी सातच घेतली. चेंडू व्हायचा तेवढाच लांब गेला आणि वाळूच्या खड्ड्यात पडला. सतरा नंबर काही बोलला नाही. साहेबांचे वाळूतले तीन फटके मारून झाल्यावर त्याने दाताळे घेतले आणि वाळू पूर्ववत सारखी केली. आमच्या विद्यार्थ्यांना मी इतक्या सभ्यपणे कधी बरोबर ठरलेलो नाही.

असल्या लोकांतून खेळाडूही निघतात. दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेर यांनी १९९१ साली इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकली. तोवर कुठल्याही भारतीय व्यावसायिकाला ते साधले नव्हते. पिशवी उचलणाऱ्याला पिशवीतले कळत असते, एवढाच याचा अर्थ.

खेळ संपला आणि चहा पिताना माझ्या लक्षात आले की खिशातला चष्मा नाही. नवाकोरा, महिन्यापूर्वीच केलेला. मी कासावीस झालो. सतरा नंबर पिशवी पुसत होता. त्याने नुसते ऐकले आणि काही न बोलता उन्हात चालू लागला. पाऊण तासाने परतला तेव्हा त्याच्या हातात चष्मा होता. सहाव्या भोकाजवळच्या गवतात मी वाकलो होतो, ते त्याने लक्षात ठेवले होते.

माझा हात खिशात गेला. खिशात एक पाचशेची नोट होती आणि एक दहाची. दहा देणे शोभत नव्हते. पाचशे देणे, खरे सांगतो, जिवावर आले. हल्ली फोनवरून पैसे देता येतात, पण त्यासाठी त्याचा नंबर मागावा लागला असता. तेवढ्या दोन क्षणांत माझ्या मनाने एक सुंदर विचार शोधून काढला. हा माणूस स्वाभिमानी दिसतो, आपणहून गेला, पैसे पुढे केले तर त्याचा अपमान होईल! मी खिशातला हात रिकामाच बाहेर काढला, दुसऱ्या हाताला जोडला आणि म्हणालो, “फार फार आभारी आहे.” त्यानेही नमस्कार केला आणि तो गेला.

मोटारीत मेव्हण्यांनी विचारले, “काय दिलेत त्याला?”

“काही नाही. स्वाभिमानी माणूस वाटला.”

मेव्हणे हसले. “प्रोफेसर, स्वाभिमानी माणसालाही संध्याकाळी दूध विकत आणावे लागते. तो काही क्लबचा पगारी नोकर नाही. ज्या दिवशी पिशवी खांद्यावर, त्या दिवशी पैसे. तुमच्या चष्म्यापायी त्याची दुसरी फेरी गेली.”

घरी आल्यावर सगळी हकीकत सांगितली. वाटले, निदान घरात तरी माझ्या नाजुक भावनेची कदर होईल. सौ.ने भाजी निवडता निवडता ऐकून घेतले आणि म्हणाली, “मागे त्या व्याख्यानाला तुम्हाला पाकिटाऐवजी नुसता गुच्छ मिळाला होता, तेव्हा दोन दिवस कोण धुसफुसत होते? तेव्हा नाही वाटले, पैसे दिले असते तर अपमान झाला असता म्हणून!”

यावर उत्तर नव्हते, म्हणून मी शब्दकोशाकडे वळलो. आमच्या धंद्यातला माणूस अडचणीत सापडला की तेच करतो.

आपल्या भाषेत या देण्याला किती शब्द आहेत पाहा. भटजींना देतो ती दक्षिणा. गवयाला किंवा कीर्तनकाराला निरोप देताना देतो ती बिदागी. व्याख्यात्याला देतो ते मानधन. बहिणीला ओवाळणी. दिवाळीला गडीमाणसांना पोस्त. कचेरीत टेबलाखालून सरकते ती चिरीमिरी. आणि मैदानावर, हॉटेलात, स्टेशनवर देतो ते बक्षीस. हा शब्द फारशीतून आलेला. शाळेत पहिल्या आलेल्या मुलाला मिळते तेही बक्षीस आणि सामान उचलणाऱ्याला मिळते तेही बक्षीसच. पण मुलाला ते देताना टाळ्या वाजतात आणि फोटो निघतो. दुसरे देताना आपण बहुधा दुसरीकडे बघत असतो.

दक्षिणा आणि बक्षीस यांत नोटांचा फरक नाही. दक्षिणा देताना देणारा वाकतो, बक्षीस देताना घेणारा वाकेल अशी आपली अपेक्षा असते. अपमान होत असेल तर तो या अपेक्षेने होतो, पैशाने नव्हे. मला त्या दिवशी पैसे द्यायचे नव्हते, म्हणून मी अपमानाची सबब पुढे केली. द्यायचेच असते, तर अपमान न होईल असे द्यायला मला कोणी अडवले होते?

देण्याची कुचराई मोठमोठ्यांनाही चुकलेली नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात मेक्सिकोतली मायाकोबा येथील गोल्फ-स्पर्धा मॅट कुचर या अमेरिकन खेळाडूने जिंकली. त्याला जवळजवळ १३ लाख डॉलर मिळाले. नेहमीचा कॅडी बरोबर नसल्यामुळे त्याने तिथलाच एक कॅडी आठवड्यापुरता घेतला होता. त्याला दिले ५,००० डॉलर. नेहमीच्या कॅडीला विजेत्याने रकमेचा साधारण दहावा हिस्सा द्यावा, अशी त्या लोकांत रीत आहे. त्या हिशेबाने आकडा सव्वा लाखाच्या पुढे जातो. बोभाटा झाला. कुचरचे म्हणणे असे की, ठरले होते त्याहून मी जास्तच दिले आहे.  पण मजुरी ठरवता येते, आनंदातला वाटा ठरवून ठेवलेला नसतो, आणि लोकांना नेमके तेच खटकले. अखेर २०१९ च्या फेब्रुवारीत त्याने माफी मागितली आणि रक्कम ५०,००० डॉलर केली.

याच्या उलट टोकाची गोष्ट वॉल्टर हेगनची. १९२२ साली त्याने ब्रिटिश ओपन जिंकली आणि बक्षिसाचा चेक कॅडीलाच देऊन टाकला, असे सांगतात. पण त्यात कॅडीवरच्या मायेपेक्षा बक्षीस किती किरकोळ आहे हे दाखवण्याचा भाग अधिक होता, असेही सांगतात. म्हणजे सगळे देऊन टाकणाराही घेणाऱ्याकडे पाहत असेलच असे नाही.

देशोदेशीच्या रीती निराळ्या. जपानात गोल्फच्या मैदानावर कॅडी बहुधा स्त्रिया असतात. त्यांचे पैसे बिलातच धरलेले असतात आणि वर टिप देण्याची तिथे चाल नाही. अमेरिकेत मोटारीतून पिशवी उतरवून घेणाऱ्यापासून खेळ संपल्यावर काठ्या पुसणाऱ्यापर्यंत हात ओला करत जावे लागते. त्यामागे कायदाही आहे. तिथल्या संघराज्याच्या कायद्याने टिप मिळवणाऱ्या नोकराला मालकाने तासाला रोख २.१३ डॉलर दिले तरी चालते. पुष्कळ राज्यांनी स्वतःचा दर वाढवला असला तरी हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. सर्वसाधारण किमान वेतन ७.२५ डॉलर. मधली तूट गिऱ्हाइकाच्या मर्जीने भरून निघावी, अशी ही योजना आहे. पगाराच्या जागी बक्षीस बसवले की दोन्हींचा विचका होतो. घेणाऱ्याला आपल्याच हक्कासाठी हसावे लागते आणि देणाऱ्याला उगाच उदार झाल्यासारखे वाटते.

तिथल्या पुष्कळ खाजगी क्लबांनी म्हणून रोजची टिप बंदच केली आहे. नाताळच्या सुमाराला सभासदांकडून एकदम वर्गणी जमते आणि ती सगळ्या नोकरांत वाटली जाते. हे मी वाचले तेव्हा मला हसू आले. ही तर आपली दिवाळी-पोस्तच झाली! त्यात एक मोठा गुण आहे. समोर हसून उभा राहणाऱ्याबरोबर, पहाटे गवत कापून कुणाच्या नजरेस न पडता निघून जाणाऱ्यालाही वाटा मिळतो.

या प्रकरणातून मी माझ्यापुरते काही नियम केले आहेत. पाहुणा म्हणून गेलो तर तिथली रीत यजमानाला आधीच विचारायची. टिपेला बंदी असेल तर गुपचूप नोट सरकवून त्या माणसाची नोकरी धोक्यात घालायची नाही. ठरलेली मजुरी आणि वरचे पैसे यांची गल्लत करायची नाही. मजुरीत घासाघीस करून मग उदारपणाने बक्षीस देणे हा चोराचा मामला. निघतानाच थोड्या सुट्या नोटा खिशात ठेवायच्या, कारण माणसाची नीती पुष्कळदा सुट्ट्यांअभावी घसरते. स्वतः हातात द्यायचे, तोंडाकडे पाहून द्यायचे. आणि नाव विचारायचे.

हा शेवटचा नियम पाळण्यासाठी मी गेल्या रविवारी मेव्हण्यांबरोबर पुन्हा क्लबात गेलो. आठ महिन्यांनी एका चष्म्याचे पैसे द्यायला गेलेला माणूस म्हणून मेव्हण्यांनी माझी वाटेत यथेच्छ थट्टा केली. सतरा नंबर झाडाखाली उभा होता. मी पाकीट पुढे केले आणि म्हणालो, “मागच्या वेळी राहून गेले होते. चष्म्याचे.”

त्याला आठवायला क्षणभर लागला. मग त्याने पाकीट न उघडता, सावकाश, खिशात ठेवले. अपमान वगैरे झाल्याची काही खूण मला दिसली नाही. त्याने माझ्या खिशाकडे पाहिले आणि विचारले, “सर, आता दोरी लावलीय ना चष्म्याला?”

मी नाव विचारले. त्याने सांगितले. मुलगी बारावीला आहे, मराठीत बरी आहे पण व्याकरणात अडते, तेही सांगितले. माझा नंबर मी त्याला दिला. या वेळी फोन खिशातून काढायला मला अडचण वाटली नाही.

घरी येऊन यादीतला ‘सतरा नंबर’ खोडला आणि त्याजागी नाव लिहिले. ते इथे छापत नाही, कारण ते माझ्या यादीत असणे महत्त्वाचे. पण सौ.ने ती यादी हातात घेतली आणि खालच्या ओळींवरून बोट फिरवत म्हणाली, “आणि रखवालदाराचे नाव? इस्त्रीवाल्याचे? कचऱ्याच्या बाईंचे? त्या तर नऊ वर्षे येताहेत.”

मी पुन्हा गप्प बसलो. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. आतून आवाज आला, “अहो, सुटे आहेत ना?”

“आहेत,” मी म्हणालो, आणि दार उघडायला उठलो.