घोड्यावर कोण, हे सारे विचारतात. घोडा कोणी घडवला?

#थ्रेड

१/ मुंबईच्या काळ्या घोड्याचा विषय निघाला की दोन पक्ष ठरलेले असतात. एक म्हणतो, १९६५ साली पुतळा हलवून इतिहास पुसला. दुसरा म्हणतो, २०१७ साली नवा घोडा बसवून साहेबाच्या आठवणी गोंजारल्या. दोघांचाही नेम चुकला आहे.

२/ आधी तथ्ये. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानात आला. त्या भेटीच्या स्मरणार्थ अल्बर्ट ससून यांनी त्याचा अश्वारूढ पुतळा मुंबईला दिला. १८७९ मध्ये तो या चौकात उभा राहिला. १९६५ मध्ये तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्यात आला. पुसलेला इतिहास असा बागेत जाऊन पाहता येत नाही.

३/ आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. स्वार खोगिरावर असतानाच लोकांनी या जागेला ‘काळा घोडा’ म्हटले. राजपुत्राचे नाव लोकभाषेने घेतलेच नाही. सरकारने त्याला हलवले ते फार नंतर. २०१७ चा स्वाराविना घोडा या लोकस्मृतीशीच इमान राखतो.

४/ मात्र या साऱ्या वादात घोडा घडवणारा कुठे आहे? जुना पुतळा व्हिएन्नात जन्मलेल्या जोसेफ एडगर बोहम यांचा. लंडनच्या हाइड पार्क कॉर्नरवरील वेलिंग्टनचा अश्वारूढ पुतळाही त्यांचाच. नवा घोडा शिल्पकार श्रीहरी भोसले यांनी घडवला, संकल्पना वास्तुरचनाकार अल्फाझ मिलर यांची. राजपुत्र आणि देणगीदार आपल्याला पाठ असतात. ही नावे मात्र विचारावी लागतात.

५/ यावर ठरलेला आक्षेप असा: वेरूळच्या कैलास लेण्यावर तरी कारागिरांची नावे कुठे आहेत? खरे आहे. पण ती आपल्याला ठाऊक नाहीत, आणि कळली तर अभ्यासक ती अधाशासारखी टिपून घेतील. येथे नाव ठाऊक असूनही आपण ते घेत नाही. पहिल्या प्रकाराला काळ जबाबदार आहे, दुसऱ्याला आपण.

६/ नावाने काय साधते? मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवपुतळ्याचे अनावरण ४ डिसेंबर २०२३ रोजी झाले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. अनावरण कोणाच्या हस्ते झाले, हे पहिल्या दिवसापासून सर्वांना माहीत होते. शिल्पकार कोण, हे बहुतेकांना गुन्हा नोंदवला गेल्यावर कळले. तो कोण, त्याने पूर्वी काय घडवले, ओतकामाचा त्याचा अनुभव किती, हे प्रश्न चौथरा बांधण्याआधी विचारायचे असतात.

७/ उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या शिवाजी प्रिपरेटरी शाळेतील अश्वारूढ शिवपुतळा १९२८ चा, शिल्पकार नानासाहेब करमरकर. तो आजही उभा आहे. अलिबागजवळच्या सासवने येथे करमरकरांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे. तेथे जाणाऱ्याला पुतळ्यामागचा माणूस, त्याची नजर आणि त्याचे हात समजतात.

८/ घडवणारा विसरला की पुतळा केवळ निशाण उरतो. मग त्याविषयी दोनच गोष्टी बोलता येतात: बसवा किंवा हटवा. धातू, तोल, प्रमाण, घोड्याच्या मानेचा बाक यांवर बोलायला कोणी उरत नाही, आणि वाईट शिल्पही केवळ विषयाच्या पुण्याईवर चौकात उभे राहते.

९/ म्हणून मागणी साधी आहे. कोनशिलेवर मंत्र्यापासून नगरसेवकापर्यंत सर्वांना जागा मिळते, तेथे शिल्पकाराचे आणि ओतकाम करणाऱ्याचे नाव त्याच आकाराच्या अक्षरांत असावे. तोवर, काळ्या घोड्यावर वाद घालायला येणाऱ्याने आधी बोहम आणि भोसले ही दोन नावे घ्यावीत. मग खुशाल भांडावे.